पासलीच्या रानातली तीनशे बारा झाडं

संजीवनीने हिरड्याला मिठी मारली होती, आणि नेमका तेव्हाच मागून आवाज आला.

“मॅडम, झाड आमच्या मालकीचं हाय. लगीन लावायच्या आधी घरच्यांना इचारा की…”

ती लाजून लाल झाली. मिठी कसली, बुंध्याचा घेर मोजायचा होता. पण एकटीने टेप काही पलीकडे पोचेना.

“हसण्यापेक्षा टोक धरा,” ती म्हणाली.

त्याने धरलं. बुंध्यामागे दोघांची बोटं भेटली, आणि घेर मोजून झाला तरी लगेच काही सुटली नाहीत.

संजीवनी भोरची. मालकीची रानं राखणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. शेतकऱ्याने दहा वर्षं रानाला कुऱ्हाड लावायची नाही, आणि संस्थेने त्याला दरसाल मोबदला द्यायचा, असा करार असे. त्याआधी झाडांची मोजणी. पासलीच्या उतारावर आनंदरावांचं सहा एकर रान होतं, आणि हा हनुमंत म्हणजे त्यांचा एकुलता एक. शिवऱ्याला गॅरेजात काम करायचा, सुट्टीला घरी यायचा. त्या हिवाळ्यात मात्र त्याला गावाची भलतीच ओढ लागली. दर रविवारी गडी टेप धरायला हजर.

“किती झाली आज?”

“अठ्ठावीस.”

“जरा दमानं मोजा की. रान संपलं तर म्या कशाच्या निमित्तानं यायचं?”

“मग मी… पुन्हा पहिल्यापासून मोजेन,” ती म्हणाली, आणि उगाचच वहीत बघत राहिली.

माघ सरता सरता मोजणी तीनशे बारावर थांबली. तोवर ‘मॅडम’ जाऊन ‘तू’ आलं होतं. यादीची एक प्रत तिने त्याच्या हातात दिली.

“तुझ्या आबांना दाखव. त्यांची सही झाली की रान वाचलं.”

“आन् सही झाल्यावर… म्या आबांना घिऊन भोरला तुझ्या घरी आलो तर?”

 तिने त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. परतताना एसटीत तिचं तिकीट काढायचंच राहिलं, आणि कंडक्टरची बोलणी खाऊनही ती हसत होती.

पुढचा महिना ती दुसऱ्या गावांच्या मोजणीत अडकली. पासलीत मोबाईलला रेंज नाही, आणि हनुमंतला गॅरेजातून सुट्टी मिळेना, त्यामुळे घरची खबर त्यालाही नव्हती. आबांशी बोलणं झालंच नाही. मग एक दिवस दुसऱ्याच कामाने ती वनखात्याच्या कचेरीत गेली, तर कारकून सहज म्हणाला, “पासलीच्या आनंदरावांना तोडीची परवानगी मिळाली की. शेतीसाठी. कागद एकदम चोख.” अर्जाला झाडांची यादी जोडली होती. अक्षर तिचंच होतं.

ती पोचली तेव्हा उतार भुंडा झाला होता. वरच्या अंगाला एकरभर झाडी तेवढी उरली होती. हनुमंत एका खोडावर बसला होता.

“म्या आबांना म्हणलं, भोरची एक पोरगी मनात हाय,” तो खाली बघत म्हणाला. “त्यांना वाटलं, बिनशेताच्या पोराला पोरगी कोण देतंय? भाताची खाचरं पाडली की मान वर करून मागणी घालता येईल. यादी म्याच घरात ठिवली हुती, करारासाठी. म्या शिवऱ्याला, अन् हितं…” त्याने हाताने उतार दाखवला. “माझा जीव हाय तुझ्यावर. पयल्यांदा सांगतोय, आन् कुठं बसून सांगतोय बघ.”

“माझाही आहे,” ती म्हणाली आणि रडू लागली. बराच वेळ रडली. “पण हनुमंत, रोज दार उघडलं की हा उतार दिसेल. माझ्यासाठी कापलाय, हे मला विसरता येणार नाही. मी नाही रे नांदू शकत इथे.”

“मग म्याच येतो भोरला.”

“आणि आबांनी हे शेत कुणासाठी केलं?”

हनुमंतने खोडावरचा भुसा हाताने झाडला.

तेवढ्यात आनंदराव धापा टाकत वर आले. “बघितलंस का, पोरी? कसं मोकळं झालं! कधी येऊ भोरला?”

“आबा,” हनुमंत म्हणाला, “त्या न्हाई म्हणत्यात.”

म्हाताऱ्याने उतारावर नजर फिरवली. “कमी पडतंय व्हय? मग वरचा तुकडा बी काढू की.”

संजीवनीने घाईने पिशवीतून कराराचा कागद काढला. “आबा, तेवढा तुकडा राखा. दहा वर्षं. दुसरं काही मागत नाही मी.”

“करा सही, आबा,” हनुमंत म्हणाला. “सही केली तरी त्या येणार न्हाईत. पर करा.”

आनंदरावांनी मांडीवर कागद ठेवून सावकाश सही केली. पेन परत देताना ते तिच्याकडे बघत राहिले.

“मागणी घालायला शेत दाखवावं लागतं, एवढंच ठावं हुतं मला,” ते म्हणाले. “तुला झाडंच बघायची हुती, तर ती हुती की गं आमच्याकडं.”