सुपाशेजारचा फुगा

लॅमिनेशनच्या दुकानात अद्भुत असं काही घडत नाही. यंत्र तापतं, कागद आत जातो आणि चकचकीत होऊन बाहेर येतो. काकू एकोणीस वर्षं हेच करत आल्या होत्या. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचं वैर फक्त ओल्या कागदाशी. कागदात जराशी ओल राहिली की प्लास्टिकखाली फुगा येतो आणि गिऱ्हाईक डोकं खातं.

बुधवारी दुपारी कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटवाल्यांचा मुलगा आठ मेन्यू कार्डं घेऊन आला. मुलगा म्हणायचं इतकंच, तिशी ओलांडलेली. कार्डं त्याच्या वडिलांनी हाताने लिहिली होती. वडील तिथले आचारी आणि मालकही. तीन आठवड्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तेव्हापासून रेस्टॉरंट बंद होतं. शनिवारी ते उघडायचं त्याने ठरवलं होतं, पण घोडं अडलं होतं सुपापाशी. लोक, अगदी काकूही, यायचे ते त्या सुपासाठी आणि ते जमवताना त्याच्या नाकी नऊ आले होते. कृती वडिलांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. चव नाही तर नाही, निदान अक्षर तरी बाबांचं टिकू दे, असं त्याचं म्हणणं.

कार्डांवर जागोजागी पेन्सिलची खाडाखोड होती. बाबा दर आठवड्याला काहीतरी बदलायचेच, तो म्हणाला. लॅमिनेशनचं नाव काढलं की उखडायचे.

“एकदा प्लास्टिक बसलं की काही बदलता येणार नाही हं,” काकू म्हणाल्या.

“बदलणार कोण आहे आता?”

काकूंनी कार्डं मोजून घेतली. संध्याकाळी परत ये, एवढंच त्या म्हणाल्या.

कार्डं त्यांनी तासभर पंख्याखाली वाळवली आणि मग एकेक करून यंत्रात सरकवली. आठही कार्डांवर फुगा आला. तोही एकाच जागी, सुपाच्या नावाशेजारी, वाटाण्याएवढा. पुन्हा यंत्राच्या रुळांतून काढलं की तो दबायचा आणि काकूंच्या डोळ्यांदेखत हळूच वर यायचा. कार्डं गार झाल्यावरही तेवढी जागा कोमट लागत होती. शेवटी काकूंनी हात टेकले, उद्या ये म्हणून त्याला कळवलं आणि दुकान बंद केलं.

गुरुवारी सकाळी फुगे बसले होते. त्यांच्या जागी, प्लास्टिकखाली, पेन्सिलची अक्षरं होती.

काल नीट पाहिलं नसेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग आठही कार्डांच्या चारी कडा चाचपल्या. कुठेही फट नव्हती. दुकानाची किल्ली एकच, आणि ती त्यांच्याच पर्समध्ये होती. कार्डं ओळीने मांडली तेव्हा लागोपाठ वाचता आलं. कांदा कडेने करपू दे. पाणी गरमच घाल. लिंबू आच बंद केल्यावर. त्यांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं.

त्याने वाचलं आणि तो स्टुलावर बसला.

“बाबांचं अक्षर आहे. काल हे नव्हतं.”

“नव्हतं,” काकू म्हणाल्या. त्याने कार्डं उचलली आणि तो रेस्टॉरंटकडे निघाला.

दुपारी तो डब्यातून सूप घेऊन आला. पहिल्याच घोटाला काकूंना कळलं. तीच चव होती. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी डबा चाटूनपुसून रिकामा केला.

शनिवारी रेस्टॉरंट भरून गेलं. एकही वाडगा अर्धा परत आला नाही. पंगत उठल्यासारखी गर्दी ओसरली, तसा तो काकूंना घेऊन हॉस्पिटलात गेला. बाबांना हे सांगायचं होतं.

नर्स दारातच भेटली. गुरुवारी पहाटेपासून बोटं हलतायत, ती म्हणाली. डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. महिन्याभरात चमचा धरतील, असं ते म्हणाले होते.

वडील जागे होते. ओठ वाकडे झाले, थरथरले.

“मीठ?”

“बरोबर होतं, बाबा,” मुलगा म्हणाला आणि ढसाढसा रडला.

काकूंनी वडिलांचा उजवा हात हातात घेतला. वडिलांनी काकूंचा हात घट्ट धरला. त्यांचा हात उबदार होता. काकूंच्या जिवात जीव आला.

बोटांची टोकं मात्र गुळगुळीत लागली.

काकूंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. पाचही बोटांवर एक पातळ, चकचकीत पापुद्रा होता. सवयीने त्यांनी नखाने त्याची कड शोधली.

कड कुठेच नव्हती.