घरभर हवा आणि सत्तर किलोमीटर

हेमांगी बिडवेने टॉर्च इंजिनच्या हेडवर धरला आणि चीर सापडल्यावर ती नखाने मोजली. दुसऱ्या सिलिंडरच्या धुराच्या वाटेपासून निघून ती तिसऱ्याच्या बोल्टापर्यंत पोचली होती.

"गेलं," ती म्हणाली.

"कुठं?" तिच्या नवऱ्याने, सदानंदने, विचारलं.

"हेड गेलं, सदा. तडकलंय."

शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर हेड तडकणं ही एरवी मोठी बातमी नव्हे. पण यानतळ इथून सत्तर किलोमीटरवर होता, पृथ्वीकडे जाणारं यान अकरा तासांनी सुटणार होतं आणि त्यानंतरचं सात वर्षांनी. शनी, गुरू आणि पृथ्वी एका सोयीच्या रांगेत आले की यान सुटतं. ग्रह कुणाच्या गाडीसाठी थांबत नाहीत.

त्या यानात डॉ. शकील पिरजाद्यांची जागा होती. डॉक्टर रसायनशास्त्रज्ञ, मूळचे मिरजेचे. ते इकडे आले तेव्हा त्यांची मुलगी निलोफर अकरा वर्षांची होती, आता अठराची झाली होती. हे यान हुकलं असतं तर पंचविशीतल्या एका अनोळखी बाईने त्यांना दारात "आपण कोण?" असं अदबीनं विचारलं असतं. तळाकडे जाताना ते बिडव्यांकडे जेवायला उतरले होते. वसाहतीची फिरती गाडी त्यांना सोडून तीनशे किलोमीटर पुढे गेली होती, आणि तळापर्यंत त्यांना बिडव्यांची गाडी, 'घोरपड', नेणार होती. तीच आता तडकली होती.

"पण आत्तापर्यंत तर चालत होती," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही 'येतो' म्हणालात तेव्हाही चालत होती. मग तुम्ही दोघं दारात बोलत उभे राहिलात."

"दोन मिनिटं."

"चाळीस. आणि ऑक्सिजन वाचवायला म्हणून सदाने इंजिन बंद केलं."

"बंद केलं तर बिघडलं कुठं?" सदानंद म्हणाला. तो बटाटे पिकवायचा. ही गाडी सात वर्षं चालवूनही ती कशावर चालते, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारलं तर दुरुस्त करायला लावतील, अशी त्याला भीती होती.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "हे बघ मर्दा. मिरजेत डिझेलच्या गाडीत टाकीत तेल असतं आणि ऑक्सिजन बाहेरच्या हवेत, फुकट. इंजिन हवा ओढतं, दाबतं. दाबली की ती तापते. तापलेल्या हवेत तेलाचा फवारा मारला की पेट घेतो. बरोबर?"

"बरोबर."

"इथल्या हवेत ऑक्सिजन नाही, पण मिथेन आहे, म्हणजे जळणारा वायू. इथं हवाच इंधन. म्हणून ऑक्सिजन टाकीत भरायचा आणि तापलेल्या हवेत त्याचा फवारा मारायचा. जळायला दोघं लागतात. त्यातलं टाकीत कोण बसलंय आणि बाहेर कोण उभं आहे, याचं आगीला काही सोयरसुतक नाही."

"व्युत्क्रमी, म्हणजे उलटं, इंजिन," हेमांगी म्हणाली. "बाकी सगळं डिझेलचंच. हेड, बोल्ट, नोझल, शिव्या."

"मग चीर कशानं पडली?"

"मिथेन जळला की पाणी तयार होतं. इंजिन चालू असेल तर त्याची वाफ बाहेर निघून जाते. मध्येच बंद केलं की वाफ हेडमध्येच अडकते, बाहेर उणे एकशे ऐंशी, तिचा बर्फ होतो आणि बर्फ फुगतो. म्हणून बंद करण्याआधी हेड फुंकून कोरडं करायचं असतं. पाटी लावलीय मी स्टिअरिंगवर."

"ती पाटी होय! मला वाटलं सुविचार आहे."

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने बाह्या वर केल्या. "घरच्या राखीव जनित्राला हेच हेड आहे. ते काढू, इथं बसवू. चार तास. डॉक्टर, बोल्ट किती आवळायचे त्याचे आकडे तुम्ही वाचा. सदा, तू दारात जाऊ नकोस."

टायटनवरची घरं म्हणजे फुगघरं. जाड रबरी कापडाची पिशवी, आत ऊबदार हवा. बाहेरची थंड हवा इतकी जड की घर बुडबुड्यासारखं वर जायला बघतं, त्यामुळे ते चोवीस दोरांनी जमिनीला बांधलेलं असतं. घराच्या एका भिंतीला रबरी गळपट्टी होती. गाडी त्यात नाक खुपसून उभी राहायची आणि पट्टी आवळली की इंजिन घरात, चाकं बाहेर. आज बंद पडल्यावर तिघांनी तिला ढकलूनच तशी उभी केली होती. काचेखालच्या झडपेतून चालकाला थेट स्वयंपाकघरात उतरता यायचं.

हेमांगीचे वडील इस्लामपुरात ट्रॅक्टरची इंजिनं बांधायचे, त्यामुळे तिचे हात विचारपूस न करता चालत. जुनं हेड उतरवताना तिने बोल्ट कडेकडून मध्याकडे सैल केले, नाहीतर हेड पिळतं. ब्लॉकचा माथा घासून आरशासारखा केला. मग कळलं की हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये घालायचं गॅस्केट घरात नाही.

"तांब्याचा पत्रा हवा," ती म्हणाली. "मोठा, सपाट."

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर सदानंदचा ताम्रपट होता: 'आदर्श बटाटा उत्पादक, टायटन विभाग'. विभागात दुसरा उत्पादक नव्हता, तरी निवड समितीने तीन महिने घेतले होते.

"त्याच्यावर माझं नाव आहे," सदानंद म्हणाला.

"नाव ठेवते. भोकं नावाच्या खाली पाडते."

पत्रा लाल होईपर्यंत तापवून तिने पाण्यात टाकला. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. भोकं पाडल्यावर 'आदर्श' हा शब्द दुसऱ्या सिलिंडरच्या कडेने बसला. वरून नवं हेड चढवलं. आता बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, प्रत्येक फेरीत थोडे जास्त. डॉक्टर एखाद्या खटल्याचा निकाल वाचावा तसे आकडे वाचत होते.

चार तास दहा मिनिटांनी तिने पाना खाली ठेवला. "झालं. एकदा सुरू करून बघू." दुरुस्त केलेलं इंजिन न ऐकता दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही वडिलांची सवय तिच्यातही मुरली होती.

"इथं होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नाक घरात आहे. घरात मिथेन नाही, ऑक्सिजन आहे. ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन मारून काय पेटणार?" मग त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी, पण घरात हे साधं डिझेल इंजिन आहे की! इंधन द्या, बास. शेंगदाणा तेलसुद्धा चालेल."

पंधरा किलोचा डबा वर्षभरासाठी होता. हेमांगीने त्यातलं वाटीभर तेल पंपात घातलं आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं, गोल, एकसारखं, कुठेही फुसफुस नाही. धूर नळीने बाहेर जात होता, पण घरभर भज्यांचा वास सुटला. सदानंदने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, मग त्यांचे हात हवेतच थांबले.

"बंद करा, वहिनी."

"का?"

"फुंकून बंद करा. ज्या नोझलमधून ऑक्सिजन जायचा त्यातून आता तेल गेलंय. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली भेटले की काडी लागत नाही. सरळ स्फोट. पंप, नळ्या, नोझल, सगळं उकळून, धुऊन, वाळवावं लागेल."

"किती वेळ?"

"दीड दिवस."

पावणेसात तास उरले होते. सदानंद हळूच म्हणाला, "तेल कुणी सुचवलं होतं?"

"मी," डॉक्टर म्हणाले आणि डब्यावर बसले. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही त्यांनी तो घातला नाही. "सकाळी निलोफरला कळवलं होतं. निघालो म्हणून."

हेमांगी इंजिनभोवती एक चक्कर मारून आली. "इंजिन चांगलं आहे?"

"उत्तम आहे."

"कुठं चालतं?"

"घरात."

"मग घर न्यायचं."

कुणी हसलं नाही, कारण ती विनोद करत नव्हती. डॉक्टरांनी चष्मा घातला आणि कागद ओढला. घर एकशे चाळीस घनमीटर. इंजिन तासाला वीस घनमीटर हवा पिणार. ताशी बाराच्या वेगाने सहा तास, म्हणजे एकशे वीस. तेल तासाला अडीच किलो, डबा पुरतो.

"आणि आपण श्वास कशाचा घ्यायचा?" सदानंदने विचारलं.

"त्याच हवेचा. इंजिन काही ऑक्सिजन निवडून खात नाही, अख्खी हवा घेतं आणि धूर बाहेर टाकतं. उरलेली हवा जशीच्या तशी चांगली राहते. फक्त पिशवी आहे ना, बाहेरचा दाब तिला दाबत जाईल. घर लहान होईल."

"म्हणजे छत खाली येणार?"

"छत म्हणजेच आपला तेलाचा काटा."

ऑक्सिजनची टाकी डॉक्टरांनी उतरवायला लावली. सगळ्यांचे हात तेलकट, शेजारी शुद्ध ऑक्सिजन नको. ती बाहेर ठेवली. बाहेरचे दोर सोडले तसं घर अलगद उचललं गेलं. ओढायला काही वजनच उरलं नाही. गाडी जड होती म्हणून सगळं जमिनीवर राहिलं. एकच अडचण होती: नाक घरात, तेव्हा घर ओढायचं तर उलटंच जावं लागणार.

"सत्तर किलोमीटर रिव्हर्स?" सदानंद म्हणाला.

"गाडीला कुठं कळतंय?" असं म्हणून हेमांगी झडपेतून आत चढली.

समोरच्या काचेतून तिला स्वतःचं स्वयंपाकघर दिसत होतं आणि मागच्या पडद्यावर टायटन. डॉक्टर पळीने तेल घालत होते. सदानंदकडे काटा वाचायचं काम होतं.

"बारा किलोमीटर! छत दिव्याला टेकलं!"

"दिवा काढ!"

पंचवीसला छत कपाटावर आलं. डॉक्टरांनी कपाट आडवं करायला लावलं. ते उभं राहिलं असतं तर त्याच्याभोवती तंबू होऊन हवा अडकली असती, आणि अडकलेली हवा म्हणजे दोन किलोमीटर. मग पलंगाचे पाय काढले, शेल्फं मोडली. चाळीसला दोघं वाकून चालू लागले. पन्नासला बसले. घराची उड्डाणाची उमेदही ओसरली होती. कापड गोट्यांवरून खरखरत येत होतं.

"सदा," डॉक्टर बसल्या बसल्या म्हणाले, "तुझं घर पितोय मी, लेका."

"प्या हो. चतकोर राहिलंय, उरवू नका."

साठला सदानंदने वाफ्यांतले बटाटे उपटून पोत्यात भरले आणि पोतं उशाशी घेतलं. अडुसष्टला दोघं पालथे झाले. डॉक्टर कोपरावर रेलून शेवटचं तेल ओतत होते, डबा तिरका करत, मग उलटा करत. हेमांगीला काचेतून आता स्वयंपाकघर दिसत नव्हतं, फक्त कापड दिसत होतं, काचेला चिकटलेलं.

"दिवा दिसला!" ती ओरडली.

तळ म्हणजे एक सपाट जागा, एक दिवा आणि तिच्यावर उभं यान. मनुष्यवस्ती नव्हती, यान गेलं की दिवाही विझायचा. तिने घर यानाजवळ आणलं आणि हेड नीट फुंकून इंजिन बंद केलं. अख्ख्या घरात फक्त पुढच्या दाराची धातूची चौकट उभी होती. यानाची जोडनळी तिच्यावर येऊन बसली. हवा सारखी झाल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

दारात यानाच्या प्रबंधक ग्लॅडिस लोपीस उभ्या होत्या, वसईच्या. समोर गुडघाभर उंचीच्या घरातून तीन माणसं सरपटत त्यांच्याकडे येत होती. एकाकडे बटाट्याचं पोतं होतं.

"प्रवासी कोण?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "पिरजादे. पंधरा मिनिटं आहेत ना अजून?"

"चौदा. आणि हे?"

"हे मला सोडायला आलेत."

"बरं. परत कसे जाणार?"

डॉक्टरांनी खिशातले हिशेबाचे कागद काढून पाहिले. त्यांनी तीन कागद भरून हिशेब केला होता आणि त्यात एकही चूक नव्हती. तो फक्त इकडे यायचा होता.

"हेमा," सदानंद म्हणाला, "तेल?"

"संपलं."

"घर?"

"तेच तर जाळत आलो."

लोपीसबाईंनी छताकडे पाहिलं, म्हणजे खाली पाहिलं. "नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "की राहायला हवाबंद घर नसलेला माणूस टायटनवर सोडून यानाला उडता येत नाही. तुम्हाला घर आहे?"

"आहे," सदानंद म्हणाला. "पण आत्ता ते पडलंय."

"दोन जागा रिकाम्या आहेत. बारा मिनिटं. चढा."

डॉक्टर हेमांगीकडे बघू शकत नव्हते. "वहिनी, माझ्यापायी तुमचं घर..."

"घर कुठं जातंय? हवा तेवढी गेली. परत आलो की फुगवू." तिने मांडीवरचं तेल पुसलं, पाना कमरेला खोचला आणि उंबरा ओलांडला. "डॉक्टर, आता मिरजेपर्यंतच सोडतो तुम्हाला. निलोफरच्या हवाली केलं की आम्ही लगेच निघणार. बसणार वगैरे नाही."

"वहिनी, परतीचं यान सात वर्षांनी आहे."

हेमांगीने क्षणभर विचार केला.

"मग चहा घेऊन निघू."