चिखलाखालचं गोडं पाणी

डोंगरावर धो धो पाऊस पडतो आणि पायथ्याच्या गावातल्या विहिरी मात्र खारट. मग पाणी जातं कुठं? या प्रश्नानं प्राध्यापिका बाईंना चार वर्षं पछाडलं होतं. जमीन आणि पाणी हाच त्यांचा विषय. प्रयोगशाळेत वाळू-मातीचे थर भरलेल्या काचेच्या पेट्यांत त्यांनी कितीदा तरी पाणी सोडून पाहिलं. दर वेळी ते समुद्राच्या तळाखालूनच वर आलं. पण पेटी म्हणजे काही समुद्र नव्हे! म्हणून वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी गाठून त्या किनाऱ्यापासून दोन मैल आत, उघड्या पडलेल्या गाळावर उतरल्या.

सोबत थोरल्या बहिणीचे यजमान होते. तीस वर्षं बोअर मारून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले भाऊजी. बोट सांभाळायला एक कोळीण काकू.

"दोन तास," काकूंनी बजावलं. "पाणी फिरलं की हाक मारीन. हातातलं टाकून निघायचं!"

बाईंच्या खांद्यावर टोकाला थर्मामीटर बसवलेली पोकळ पोलादी नळी होती. दर पन्नास पावलांवर ती गाळात खुपसायची आणि आकडा वाचायचा. जमिनीखालचं पाणी गार असतं, आकडा उतरला की ते जवळ आलं. एकोणतीस. एकोणतीस. तीस. ऊन रणरणत होतं, करड्या गाळावर खेकड्यांची नक्षी पसरली होती.

"एवढ्यात मी दोन बोअर मारले असते," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"आणि दोन्ही खारट निघाले असते!"

दीड तास असाच गेला. मग अचानक चोवीस! वीस पावलं पुढं बावीस! बाई पळतच सुटल्या. त्यांनी वीतभर वर ठेवून नळी आत दाबली, आणि पायाखालचा गाळ दह्यासारखा हलला.

क्षणात त्या गुडघ्यापर्यंत रुतल्या. पाय ओढला. मांडीपर्यंत गेल्या!

"हलू नकोस!" भाऊजी ओरडले आणि पोटावर आडवे झाले. त्यांनी कमरेला गुंडाळलेला दोर सोडून फेकला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा बाईंनी झेलला.

तेवढ्यात लांबून काकूंची हाक आली. भरती लागली होती!

बाईंचं लक्ष मात्र पायांकडं होतं. वर ऊन भाजून काढत होतं आणि खाली पाय गारठत होते. गाळ मुळात पातळ झाला होता तो खालून गार पाणी वर ढकलत असल्यामुळं. त्यांनी नळीकडं पाहिलं. तिच्या वरच्या तोंडातून पाणी बाहेर ओघळत होतं!

"भाऊजी, बाटली फेका!"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फेका म्हणते ना!"

बाटली आली. ती भरेपर्यंत भरतीची पहिली पातळ लाट गाळावरून सळसळत कमरेला भिडली. बाईंनी झाकण लावून बाटली सरळ दातांत धरली, पाठीवर रेलल्या आणि एकेक पाय हळूहळू फिरवू लागल्या. भाऊजी दोर ताणत होते. एक पाय सुटला. बूट आतच राहिला. मग दुसरा!

"नळी?" भाऊजींनी विचारलं. थर्मामीटर, नोंदयंत्र, सगळं तिच्यात होतं.

बाईंनी क्षणभर मागं पाहिलं. "राहू द्या!"

दोघं धडपडत, छातीभर पाण्यातून बोटीपर्यंत पोचले. काकूंनी दोघांना काखेत हात घालून आत ओढलं आणि मनसोक्त झापलं.

बाईंनी खारेपणाचं मीटर बाटलीत बुडवलं. समुद्राचा आकडा पस्तीस. इथं काटा एकावर थांबला. त्यांनी एक घोट घेतला आणि बाटली भाऊजींपुढं केली.

भाऊजी प्यायले. पुन्हा एक घोट घेतला.

"आम्ही खारं लागलं की थांबायचो," ते म्हणाले. "खाली चिकणमाती लागायची. वाटायचं, संपलं."

"त्या मातीखालूनच आलंय हे."

"म्हणजे अख्ख्या गावाच्या पायाखालून!" त्यांनी किनाऱ्याकडं पाहिलं. मग बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "काकू, बोट जरा दामटा. माझं बोअरचं मशीन गंजायच्या आत बाहेर काढायचंय. या वेळी चिकणमातीच्या खाली जायचंय."