झालं असं धरून

आर्वीकडच्या त्या लहानशा धरणाची दारं आता कॉम्प्युटर उघडणार होता. साल सत्त्याऐंशी, महिना मेचा, आणि ऊन असं की कठड्याला हात लावायची सोय नाही. नागपूरहून आलेल्या ओमप्रकाश इंजिनिअरला एवढंच ठरवायचं होतं, की या यंत्राचा धोका तपासायचा कोणत्या रीतीनं.

रीती दोन. एकीत यंत्राचा एकेक भाग घ्यायचा आणि हा बिघडला तर काय होईल, असं विचारत पुढं जायचं. दुसरी उलटी. सगळ्यात वाईट ते घडून गेलं असं धरायचं आणि कशानं घडलं ते मागं मागं शोधायचं. ओमप्रकाशला दुसरी आवडली. धरणाखाली नदीच्या वाळूत डांगरवाडी होती. उन्हाळाभर माणसं तिथं कलिंगडं पिकवत. त्यांतल्याच एका बाईचं नाव घेऊन त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘दार उघडलं. देवकाबाई बुडाली.’ नाव घातलं की डोकं चालतं, असं त्याचं म्हणणं.

धरणाची दारं उघडणाऱ्या म्हाताऱ्या नानाजीला त्यानं ते वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "साहेब, झालं असं काऊन धरता? झालं तर, असं धरा नं."

म्हाताऱ्याच्या पोटात का दुखतंय, हे काय ओमप्रकाशला कळत नव्हतं? पाणी सोडण्याआधी नानाजी कठड्यावरून डांगरवाडीतल्या एकेकाचं नाव पुकारायचा. माणूस वाळूतून काठावर चढला की ‘हो’ द्यायचा. सगळ्यांचे हो आले की दार उघडायचं. नजर अधू झालेली, सगळा भरवसा कानांवर. आता कॉम्प्युटर आला, भोंगा आला, की ही हाकाटी बंद.

दुसऱ्या दिवशी चाचणीपुरती नावं पुकारली. देवकाबाईचा हो आला, पण मागून, धरणाच्या भरल्या पाण्याकडून.

म्हाताऱ्यानं कुणाला तरी नावेत बसवलंय! ओमप्रकाशनं सगळा काठ धुंडाळला. नाव नाही, माणूस नाही. मग त्यानं देवकाबाईलाच वर बोलावून शेजारी उभं केलं. ती दातात पदर धरून राहिली. नानाजीनं तिचं नाव घेतलं.

पाण्याकडून "हो" आला.

देवकाबाईच्या दातातला पदर सुटला. फळ्यावरचं तिला नानाजीनं सांगितलं होतं. "माहाच आवाज हाय हा. पुसा नं साहेब ते."

ओमप्रकाशला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण रीत बदलायची म्हणजे म्हाताऱ्यापुढं हार खायची. त्यानं फक्त नाव पुसलं. त्या जागी लिहिलं, ‘डांगरवाडीतली सगळी माणसं बुडाली.’ कुणाचं नाव नको, कुणाला त्रास नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच पाणी सोडायचं होतं. नानाजीनं नावं घेतली. हो आले, सगळ्यांचे आले, आणि या वेळी मागून नाही, खालूनच. ओमप्रकाशचा जीव भांड्यात पडला.

नानाजीनं बटण दाबलं.

मग ओमप्रकाशला वाटलं, इतक्या लवकर चढली कशी सगळी?

तो कठड्यावरून वाकला.

खाली वाळूत सगळी माणसं उभी होती. देवकाबाई सगळ्यात पुढं. माना वर करून, तोंडं मिटून, आपलं नाव कधी पुकारतात याची वाट पाहत.