पाण्यातली सवत

"तुमचा पंप जरा बंद कराल? तिला बोलायचंय…"

मत्स्यालयाच्या पंपवालीने आजवर अनेकांचं ऐकून घेतलं होतं, पण मासळीच्या वतीने निरोप पहिल्यांदाच आला होता. तिने वर पाहिलं. कानांवर हेडफोन, हातात पाण्यात सोडलेल्या माइकची वायर, आणि चेहऱ्यावर असं हसू, की पान्हा तिच्या हातातून सुटून पायावर पडला. हा माशांचे आवाज टिपायला आलेला संशोधक. सगळे त्याला कानसेन म्हणत.

पंप बंद ठेवायचा तर जेवणाच्या सुट्टीतच, आणि तोही पंपवालीने शेजारी बसून. माशांना हवा कमी पडली तर लगेच चालू करायला. ती रोज टाकीच्या काचेला पाठ टेकून बसू लागली. डबा कपाटातच राहायचा. त्याच्यासमोर काकडी कचाकचा चावायची म्हणजे… छे!

तो कुजबुजत सांगायचा. मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ढोल वाजवतात, काही जण चक्क दात खातात. (पंपवालीही खात होती.) या जातीत नर साद घालतो आणि मादी गप्प असते, असंच आजवर त्याला वाटत होतं. "पण ही उत्तर देते," असं म्हणून तो त्या जाड ओठांच्या, करड्या बयेकडे असा बघायचा — तसं पंपवालीकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

तिने ताईला सगळं सांगितलं. ताईने विचारलं, दिसायला कशी आहे? पापण्या नाहीत, म्हणाली, आणि अंगभर खवले. ताईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, तरीही तो तिच्याकडेच बघत असेल तर तुझं कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. बोटं केसांत अडकली, क्षणभर राहिली…

गुर्र… गुडगुड… कुईंऽऽ.

"किती आर्त!" तो म्हणाला. उद्या तो हे मोठ्या मॅडमना ऐकवणार होता.

पंपवालीचा जळफळाट झाला. तेवढ्यात पुन्हा गुर्र झालं — आणि ते तिला कानांच्या आधी पोटात कळलं. तिने पोट आत ओढलं. मासळी गप्प. सोडलं. मासळी बोलली.

म्हणजे काचेतून… अरे देवा.

पंपवाली गप्प बसली असती तर त्याचा शोध वाचला असता. ती बसणारही होती. पण काचेला नाक लावून तो म्हणाला, "माझ्यासाठीच बोलते ती."

हे मात्र अति झालं.

"ती नाही," पंपवाली म्हणाली. "मी बोलतेय. ते माझं पोट आहे. तुमच्यापायी रोज उपाशी बसते मी… त्याला राहवत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मासळीकडे. मासळीने पाठ फिरवली.

"गेला तुमचा शोध," ती पुटपुटली. "रागवा हवं तर."

"रोज घरी जाऊनही हेच टिपलेलं ऐकायचो मी," तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "झोप लागायची नाही. वाटायचं, आपण मासळीच्या प्रेमात पडलोय…"

"आणि आता?"

त्याने सुटकेचा लांब श्वास सोडला.

"आता आईला सांगता येईल."