आवजो, जसु

पिशवी घेऊन दूध आणायला निघालो की आई, म्हणजे आमची बा, वरच्या खिडकीतून म्हणायची, "आवजे." मी मागे न बघता म्हणायचो, "आवजो."

आमच्या अमदावादेत निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. 'आवजो' म्हणायचं, म्हणजे परत या. माणूस वयाने लहान असला तर 'आवजे', ये. याचं उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, जीभच देते. फक्त मयताच्या घरातून उठताना हा शब्द काढायचा नाही. भेटायला आलेले लोक नुसते हात जोडतात आणि खाली बघत चपला शोधतात. हे कुणी शिकवत नाही. आईच्या मांडीवर बसून बघितलेलं असतं.

पुढे जे झालं ते या एका शब्दाने झालं, असं आमची केवडानी पोळ, म्हणजे आमची सगळी वस्ती, मानते. मी काय मानतो ते मला नीट सांगता येणार नाही. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून कापडाच्या दुकानात तागे उलगडतो आणि गुंडाळतो. गिऱ्हाइकाशी बोलायला शेठ मला पुढे करत नाही. पण जे ऐकलं तेवढं सांगतो.

पोळला एकच दरवाजा, आत अरुंद गल्ली. टाळेबंदी लागली तसे त्या दरवाज्याला आम्हीच आतून बांबू बांधले. घरं समोरासमोर इतकी जवळ की भर दुपारीही खाली ऊन पोचत नाही, आणि आमच्या खिडकीतून हात लांबवला की जसुमासीच्या खिडकीत वाटी ठेवता येते. मासी, बाची मैत्रीण, एकटीच राहायची. खाखरे करून विकायची. दुपारभर तव्यावर लाकडी दट्ट्याने खाखरा दाबल्याचा आवाज यायचा आणि भाजलेल्या मेथीचा वास. दुपार उतरली की ती खाली येऊन आमच्या दाराची कडी वाजवायची, दोनदा. दार उघडं असलं तरी विचारायची, "छे कोई?" आहे का कुणी? मग ती आणि बा चहा प्यायच्या. माझ्या जन्माआधीपासून.

एप्रिलमध्ये एके दिवशी दट्ट्याचा आवाज थांबला आणि खोकला सुरू झाला.

संध्याकाळपर्यंत पोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रसिककाकाचा मेसेज आला. रसिककाका पोळचा प्रमुख. नवरात्रात माइक त्याच्याच हातात असतो. 'जसुबेनकडचे खाखरे घरात असतील तर टाकून द्यावेत. जय श्रीकृष्ण.' थोड्याच दिवसांपूर्वी याच खिडक्यांत उभं राहून सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या होत्या. मासीच्या थाळीला तर पोचा पडला होता. आता तिच्या बाजूच्या खिडक्या एकेक करून लागल्या. चबुतऱ्यावर कबुतरांना दाणे मात्र रोज न चुकता पडत होते.

बा वाटी ठेवत राहिली. खिचडी, कधी नुसतं ताक.

"बा, आता नको," मी म्हटलं.

"वाटीला खोकला येत नाही," ती म्हणाली.

मग वाटी भरलेलीच परत दिसायला लागली. बाने मला मासीकडे वर जायला सांगितलं. मी तिच्या ओट्यापर्यंत गेलो, तर रसिककाका गच्चीवरून म्हणाला, "अल्या हितु, चढ खुशाल. पण मग तिथेच राहा हं." मी खालूनच हाक मारली. खोकला ऐकू आला. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका आली. आमचे जिने शिडीसारखे उभे, धरायला वरून दोर सोडलेला. त्यात स्ट्रेचर वळत नाही. म्हणून आजारी माणसाला आमच्याकडे खुर्चीत बसवून उतरवतात आणि मेलेल्याला चादरीच्या झोळीतून. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी मासीला खुर्चीत आणली. मान पडू नये म्हणून ओढणीने डोकं खुर्चीच्या पाठीला बांधलं होतं. तोंडावर मास्क. सगळ्या खिडक्या बोटभर उघडल्या. दट्टा नाही, खोकला नाही, फक्त त्या दोघांच्या प्लॅस्टिकचा आवाज.

बाने आमची खिडकी सताड उघडली आणि वाकून म्हणाली, "आवजो, जसु."

खुर्ची धरलेल्या पुढच्या माणसाने मान वर करून बाच्या खिडकीकडे बघितलं. मग मागच्याकडे. खुर्ची पुढे गेली.

रात्री ग्रुपवर कळलं. डॉक्टर म्हणाले होते, बाई इथे पोचायच्या बऱ्याच आधी गेलेली आहे. जिन्यात, नाहीतर वर घरातच. खुर्चीत नुसतं शरीर होतं म्हणा ना.

त्यानंतर जिवंत मासीबद्दल ज्यांनी एक शब्द काढला नव्हता, त्यांना कंठ फुटला. समोरच्या गच्चीवरून, शेजारच्या न्हाणीतून, सगळीकडून तेच. "मढ्याला आवजो म्हटलं हो विमळाबेनने." "आता येईल ती." "तिच्याकडेच येऊ दे, आपल्याकडे कशाला."

मासीच्या दारावर पत्रा ठोकला गेला. बाने तिच्या नावाचा दिवा आमच्या खिडकीत ठेवला, आणि दुपार उतरली.

कडी वाजली. दोनदा.

मी उठलो नाही. बा उठायला लागली, तिचा हात धरून बसवलं. दाराच्या फटीतून भाजलेल्या मेथीचा वास आत आला, मग जिन्याने वर आला, मग गेला. थोड्या वेळाने शेजारच्या दाराची कडी वाजली. मग त्याच्या पलीकडच्या. पोळच्या टोकापर्यंत ती वाजत गेली आणि एकही दार उघडलं नाही.

रोज. अजून उजेड असताना, घराघरांत चहा उकळत असताना. लोक पातेलं तसंच ठेवून गप्प बसायचे. लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवायचे. आजारपणात दार बंद करायला शिकलेच होते, त्यामुळे फार जड गेलं नाही.

एका सकाळी रसिककाका आमच्या ओट्यासमोर उभा राहिला, नाकातोंडावर दुहेरी रुमाल बांधून.

"विमळाबेन, निमंत्रण तुम्ही दिलंत. परतही तुम्हीच पाठवा."

"कसं पाठवू?"

"दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, जा. एकदाच."

बा खिडकीतून वाकली. "तुमच्या दाराची कडी पण वाजते ना, रसिकभाई? तुम्ही तर बोलावलं नव्हतं."

त्याने रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"माझ्या दारी आलेल्या बाईला मी कधी जा म्हटलं नाही," बा म्हणाली. "जिवंतपणी तिला ते सगळ्यांनी म्हटलं. तेवढं पुरे झालं."

"मग तुम्हाला घेऊन जाईल ती," रसिककाका म्हणाला. आवाजात राग नव्हता. खरंच काळजी वाटत असावी, आणि ते जास्त वाईट होतं.

त्या दिवशी मी आतून कडी लावली, वर टाळं घातलं, किल्ली खिशात ठेवली. मला आई एकच आहे. आणखी काय सांगू.

मग पाणी भरायला गच्चीवर गेलो. टाकी भरेपर्यंत उभा राहिलो. खालून बासारखं हसू ऐकू आलं, बऱ्याच दिवसांनी. धावत उतरलो. दार उघडं. टाळं लागलेलंच होतं, कडीसकट बाजूला लोंबत होतं. किल्ली माझ्या खिशात. बा पाटावर बसली होती, समोर दोन कप. एक तिचा, अर्धा प्यालेला. दुसऱ्या कपातला चहा भरलेला, पण त्यावर इतकी जाड साय धरली होती की जणू सकाळपासून ठेवलाय.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"बघ ना, हितु... विचारत होती, ओढणी इतकी घट्ट कुणी बांधली म्हणून." बाने पदराने तोंड पुसलं आणि खोकली.

दोन दिवसांत ताप चढला. मी कुणाला कळू दिलं नाही, पण खोकला भिंतीतून जातो. ग्रुपवर मेसेज आला. खिडक्या लागल्या. रुग्णवाहिका आली.

मला ओट्याखाली लांब उभं केलं. जिन्यातून खुर्ची उतरली. बाचं डोकं ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधलेलं, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले.

"जिवंत आहे ना?" मी विचारलं.

पोशाखातल्या माणसाने मान हलवली. हो म्हणून की ऐकू आलं नाही म्हणून, कळलं नाही. बाचा हात दांड्यावरून लोंबत होता. तो हलला. पण खुर्चीच हलत होती.

सगळ्या खिडक्या बोटभर उघड्या होत्या. सगळी पोळ माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्द माझ्या दातांमागे येऊन थांबला होता. ती जिवंत असेल आणि मी म्हटला नाही, तर ती कशाच्या ओढीने परत येणार? आणि नसेल जिवंत, तर...

खुर्ची बांबूंपाशी पोचली. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून, पत्रा ठोकलेल्या घराच्या बंद खिडकीतून, कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "आवजो, विमु."

बोटभर उघडलेल्या खिडक्या एकाच वेळी लागल्या. खुर्ची दरवाज्याबाहेर गेली.

दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी फोन आला. मी विचारलं, कधी गेली. पलीकडचा माणूस म्हणाला, "इथे आणल्यावर." मग म्हणाला, "बहुतेक."

त्यालाही आता वर्षं झाली. बांबू निघाले. रसिककाका पुन्हा माइकवर असतो. लोक एकमेकांच्या ओट्यावर बसतात, शेंगदाणे खातात, पण उठताना आमच्या पोळमध्ये आता कुणी आवजो म्हणत नाही. हात हलवतात आणि निघतात. आमच्या दाराची कडी पुन्हा वाजली नाही. बा स्वतःच्या घराची कडी कशाला वाजवेल?

वाजते ती समोरची. पत्र्याच्या आत, दुपार उतरली की, दोनदा. मग बाचा आवाज, "छे कोई?" मग पातेल्याचा, कपांचा. मेथीचा वास. मी तेव्हा खिडकीपाशी असतो. खिडकी बंद करायला हवी, पण होत नाही. आणि दिवेलागणीला, निघताना म्हणावं तसं, पलीकडून येतं, "आवजे, हितु."

त्याचं उत्तर माझी जीभ आपोआप देईल याची मला भीती वाटते. म्हणून त्या वेळी मी घरात एकटाच मास्क लावून बसतो, ओठ दातांत धरून. सगळ्यांनी मास्क कधीच टाकले. पोरं मला हसतात.

काल मी खिडकीपाशीच बसलो होतो, ओठ असेच दातांत धरलेले. इतके घट्ट की रक्ताची चव आली. पलीकडून हाक आली, आणि आमच्या जिन्यातून, दोर धरून खाली उतरता उतरता म्हणावं तसं, माझ्याच आवाजात उत्तर गेलं.

"आवजो, बा."