आठ बंद दारं

कार्यालयाचं शटर अजून अर्धं वर होतं आणि आत फोन ठणाणा वाजत होता. पडताळणी अधिकारी बाईंनी खांद्यावरची पर्स न काढताच तो उचलला.

"मॅडम, मी माझ्या घरात बसून बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. "आणि तुमचा कागद म्हणतो, या घरात कोणी राहतच नाही. मग मी कोण, भूत?"

बोलणारी शिवणकाम करणारी होती. प्रादेशिक निवडणुकीत मत द्यायचं तर माणूस त्या भागात सलग सहा महिने राहत असला पाहिजे, असा नियम. तिच्या इमारतीतली आठही बिऱ्हाडं 'वास्तव्य नाही' असा शेरा मारून यादीतून उडवली होती. हरकत ऐकायचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी यादी बंद झाली की मत गेलं, आणि मतामागून घरही जाणार होतं. कागदोपत्री रिकामी ठरलेली इमारत पाडताना बिल्डरला कोणालाही दुसरं घर द्यावं लागत नाही.

कार्यालयात बाईंना पाठीमागं भडकाबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि नाव बदलावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी निरीक्षकाला बोलावलं. हा नुकताच बदलून आलेला, इस्त्रीची घडी न मोडलेला माणूस.

"तू स्वतः गेला होतास?"

"हो मॅडम. दोन्ही मजले चढलो. फोटो आहेत."

फोटो खरोखरच होते. आठ दारं, आठ कुलपं. प्रत्येक दारावर पितळी पाटी, तिच्यावर घराचा नंबर आणि आडनाव. पाट्या अगदी सरळ, ओळंब्यात. दारांवर मात्र धूळ.

"आत कोणी आहे का, विचारलंस?"

"बाहेरून कुलूप होतं. कुलपाला काय विचारणार?"

"आठही कुलपं पिवळी, एकाच कंपनीची. आठ बिऱ्हाडं मिळून कुलूप घ्यायला गेली होती का?"

निरीक्षक फोटो पुन्हा निरखू लागला.

"आजूबाजूला चौकशी?"

"समोरच्या इमारतीत रंगकाम चाललं होतं. माणसं होती तिथं. पण माझं काम त्या इमारतीत नव्हतं."

भडकाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या माणसांची मतं खोडताना याला रस्ता ओलांडून तोंड उघडायचाही कंटाळा आला होता. त्यांनी त्याला गाडीत बसवलं.

त्या गल्लीत समोरासमोर दोन इमारती होत्या, एकाच नकाशावरून बांधलेल्या. जिनेही सारखे, गॅलऱ्याही सारख्या. उजवीकडच्या इमारतीत कपडे वाळत होते, कुणाचा तरी रेडिओ लागला होता. डावीकडची वर्षभरापूर्वी रिकामी झालेली. तिच्या फाटकाला नावाची पाटीसुद्धा उरली नव्हती. निरीक्षकाला भडकाबाईंनी गाडीतच थांबवलं आणि त्या एकट्याच उजवीकडे गेल्या.

शिवणवाल्या बाईच्या खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग होता आणि मशीनच्या पायाखालची फरशी वर्षानुवर्षांच्या वापरानं झिजून खोलगट झाली होती. त्या फरशीकडे बघूनच भडकाबाई पुन्हा संतापल्या. बाईनं तांब्या नळाखाली धरला आणि स्वच्छ गार पाणी पुढं केलं.

"दार नव्यानं रंगवलेलं दिसतंय."

"मागच्याच महिन्यात. सेक्रेटरीकाकांनी सगळ्यांचीच रंगवून घेतली. रंग बरा आहे, पण तेव्हापासून दार परक्याचं वाटतं."

"का?"

"पाटी सरळ झालीय." ती थांबली. "नवऱ्यानं लावली होती. त्या दिवशी आमचं भांडण झालं, तर एकच स्क्रू मारून निघून गेला. वाकडीच राहिली. तो वारल्यावर मी तिला हात लावला नाही. रंगाऱ्यानं फुकटचं शहाणपण केलं."

रंगारी जवळच दुसऱ्या कामावर होता. त्याला बोलावलं. त्यानं सांगितलं की दारांवरच्या आणि फाटकावरची, अशा सगळ्या पाट्या त्यानं काढून जिन्याखाली खोक्यात ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खोकं रिकामं दिसलं, तिसऱ्या दिवशी पाट्या दारांवर लागलेल्या.

"कोणी लावल्या?"

"लोकांनीच लावल्या असतील, म्हटलं."

"आम्हाला वाटलं, यानंच लावल्या," शिवणवाली म्हणाली.

सेक्रेटरीकाका वरच्या मजल्यावर राहत. शिवणवाली भडकाबाईंना तिकडे घेऊन गेली. निवृत्त हेडक्लार्क, पांढरा सदरा, मऊ बोलणं. त्यांचंही नाव कापलं गेलं होतं. आपण तर सगळ्यांच्या आधी हरकत घेणार होतो, पण तब्येतीनं मागं खेचलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सांगता सांगता त्यांनी भडकाबाईंचं टेबलावरचं पेन फाइलच्या कडेला समांतर करून ठेवलं. मग उंबऱ्याशी शिवणवालीनं काढलेल्या चपला पायानंच जोडीला जोड लावल्या.

"तुम्ही इथं किती वर्षं राहता?"

"सगळं आयुष्य इथंच गेलं. एक रात्र बाहेर काढली नाही."

ते पाणी आणायला उठले. पेल्यासाठी एक कपाट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. नळ आधी खोकला, मग त्यातून तांबूस पाणी आलं. काकांनी तो बराच वेळ वाहू दिला.

"टाकी साफ केलीय काल," ते म्हणाले.

भडकाबाई पाणी न पिताच उठल्या. खाली उतरून त्या समोरच्या रिकाम्या इमारतीत गेल्या, बरोबर निरीक्षक. वरच्या मजल्यावर पोचताच तो थबकला. पिवळी कुलपं, धुळीची दारं. प्रत्येक दारावर स्क्रूची ताजी भोकं होती आणि उंबऱ्यावर लाकडाचा भुसा सांडलेला होता.

"मॅडम, मी इथंच आलो होतो."

"आता आठवलं का?"

भडकाबाईंनी सगळ्या बिऱ्हाडांना जिन्यापाशी गोळा केलं. रंगारी होता. काकाही आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"तुमच्या इमारतीची पडताळणी झालीच नाही," त्या म्हणाल्या. "झाली ती समोरच्या रिकाम्या इमारतीची. हा निरीक्षक म्हणाला, समोर रंगकाम चालू होतं. रंगकाम तर तुमच्याकडे होतं. म्हणजे हा त्या बाजूला उभा होता आणि तुमचा पत्ता तिथं वाचत होता. खोक्यातल्या पाट्या एका दिवसापुरत्या समोर गेल्या, फाटकावरचीसुद्धा, आणि रातोरात परत आल्या."

"हे रंगाऱ्याचंच काम," काका म्हणाले.

"रंगाऱ्यानं शिवणवालीची पाटी एक स्क्रू काढून उतरवली. त्यानं ती एकाच स्क्रूवर परत लावली असती. पण फोटोत ती सरळ आहे, आणि आज या दारावरही सरळ आहे. चोरी करताना, घाईत, कुणाला तरी वाकडी पाटी बघवली नाही. त्यानं दुसरा स्क्रू शोधून आणला, दोन्ही ठिकाणी मारला. काका, तुम्ही माझं पेन सरळ केलंत. हिच्या चपला सरळ केल्यात. पडताळणी कोणत्या दिवशी ते इमारतीतर्फे तुम्हालाच कळवलं होतं, आणि त्याच आठवड्यात रंगारी तुम्हीच लावलात."

"माझंही नाव कापलंय. स्वतःच्या पायावर कोण धोंडा मारून घेईल?"

"ज्याचा पाय इथं नाही तो. टाकी सगळ्यांची एकच. या बाईच्या नळाला स्वच्छ पाणी आणि तुमच्या नळाला गंज. कित्येक महिने तो कोणी उघडलेला नाही. स्वतःच्या घरात पेला कुठं असतो, तेही तुम्हाला आठवेना. या इमारतीत राहत नसलेला माणूस एकच आहे, आणि तो इतरांना बेघर ठरवून आलाय. बिल्डरनं काय दिलं?"

काकांचा चेहरा पडला. ते कठड्यावरून हात फिरवू लागले.

"दुसरीकडे तळमजल्याचा फ्लॅट. तिथंच राहतो, इथं दिवसा चक्कर मारून जातो," ते म्हणाले. "मला जिना चढवत नव्हता."

"म्हणून आम्हाला रस्त्यावर उतरवलंत?" शिवणवाली म्हणाली.

भडकाबाईंनी तिथंच, जिन्याच्या पायरीवर बसून निकाल लिहिला. सात बिऱ्हाडांची नावं परत यादीत. आठव्याचं नाव वास्तव्य नसल्यामुळे कापलेलंच राहील, आणि त्याच्यावर व बिल्डरवर पोलिसांत तक्रार. निरीक्षकाला त्यांनी प्रत्येक दाराशी जाऊन आतल्या माणसाची माफी मागायला लावलं. तो गेला. कागद वेळेत कार्यालयात पोचला.

शिवणवाली घरातून मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. तिनं पाटीचा एक स्क्रू फिरवून काढला. पाटी घसरली आणि पूर्वीसारखी एका बाजूला कलली. काका पोलिसांची वाट बघत शेजारीच उभे होते. त्यांचा हात सवयीनं पाटीकडे गेला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि तो स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा. घर आमचं आहे."